बसल्या जागी कुडाळ

मालवणला रेल्वे जात नाही. तरी गणपतीच्या आधी मुंबई-ठाण्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ‘गाडीने मालवणला’ निघालेली असतात. ती उतरतात कुडाळला, नाहीतर कणकवलीला, आणि पुढचे अंतर रिक्षा, एसटी किंवा चुलत्याच्या ओळखीतली जीप यांच्या स्वाधीन करतात. या रात्रीच्या प्रवासाचे दोन प्रकार आहेत: झोपून आणि बसून. झोपून जाण्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. माणूस पनवेलला डोळे मिटतो आणि कणकवलीला उघडतो. बसून जायला मात्र नियोजन लागते, आणि ते दोन महिने आधी सुरू होते.

बसून जाण्याच्या जाती अनेक आहेत आणि त्यांच्यात उच्चनीचताही आहे. वरच्या पायरीवर ‘सेकंड सीटिंग’. तिकिटावर डबा आणि आसन क्रमांक छापलेला असतो, डब्याच्या नावात ‘डी’ हे अक्षर असते, आणि बाकावर आपली एक हक्काची जागा असते. ही जागा दिवसा प्रवास करणाऱ्यांसाठी आखलेली आहे, हे पाठीचा कोन बघितला की कळते. गणपतीच्या विशेष गाड्यांना असे डबे लागतात आणि रात्रीही भरून जातात. त्याच्या खाली जनरल. तिथे क्रमांक नसतो, रुमाल असतो. गाडी फलाटाला लागताना खिडकीच्या गजांतून आत टाकलेला रुमाल बाकावर जिथे पडेल तिथे मालकी सिद्ध होते. रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात याला आधार नाही, पण खच्चून भरलेल्या डब्यात हा एकच कायदा बहुधा पाळला जातो. एकाच जागेवर दोन रुमाल पडले तर खालचा आधीचा धरावा की वरचा, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.

या दोहोंच्या मध्ये आरएसी. स्लीपरच्या डब्यातला बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून दिला जातो आणि दोघे समोरासमोर बसतात, एकाचे पाय दुसऱ्याच्या कुशीला. शेजारी अनोळखी असेल तर रात्र संकोचात जाते. साडू असेल तर बोलण्यात. चौथी जात संख्येने सर्वांत मोठी असावी. एकाच पीएनआरवर चौघांचे बर्थ कन्फर्म, दोघे वेटिंगवर, आणि ‘करू काहीतरी’ या निर्णयावर सहाही जण निघालेले. एका तिकिटावर काहींची जागा पक्की झाली की उरलेल्यांनाही गाडीत चढता येते. त्यांनी बसायचे कुठे, हे रेल्वे सांगत नाही. ते घरात ठरते.

2025 च्या गणपतीत आणखी एका जातीची भर पडली. कोकण रेल्वेने खाजगी मोटारींसाठी रो-रो सेवा सुरू केली: कोलाडला मोटार वाघिणीवर चढवायची आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवून घ्यायची. मालवाहू ट्रकांना ही सोय 1999 पासून होतीच. मोटारीचे भाडे 7,875 रुपये ठरले. मोटारीबरोबर तीन माणसे नेता येत. त्यांना वातानुकूलित थ्री टायर हवा असेल तर माणशी 935 रुपये, सेकंड सीटिंग चालत असेल तर 190. संध्याकाळी निघून पहाटे पोचणारी गाडी. या दरपत्रकामुळे घरातल्या कोणाची काय किंमत आहे ते एकदाचे छापून आले, आणि ज्यांनी 190 चा पर्याय निवडला त्यांच्या मोटारी त्यांच्यापेक्षा सुखाने गेल्या.

बसून रात्र काढायची सवय कोकणातल्या माणसाला रेल्वेने लावली असे कोणी समजू नये. रेल्वे तर परवा आली. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना 1990 ची, आणि रोहा ते ठोकूर या 741 किलोमीटरच्या सबंध मार्गावर गाड्या धावू लागल्या 26 जानेवारी 1998 पासून. त्याआधी आगबोटी मालवण-वेंगुर्ल्याला लागत, पण पावसाळ्यात त्या बंद असत आणि गणपती नेमका पावसाळ्यात येतो. मग उरली एसटीची रातराणी. तिच्यात पाठ सरळ, गुडघे पुढच्या सीटच्या लोखंडात आणि कपाळ खिडकीच्या पट्टीवर, अशा अवस्थेत घाटामागून घाट उतरत गेलेली पिढी आज साठीपुढे आहे. तिला सेकंड सीटिंगची तक्रार सांगू नये. ती शांतपणे ऐकून घेते आणि मग कशेडी घाटात बस बंद पडल्याची हकिगत सुरू करते, जी चिपळूणपर्यंत संपत नाही.

दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांचे दिवसही फार जुने नाहीत. त्या बाकांवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णय मधु दंडवते यांचा. ते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. दंडवते राजापूर मतदारसंघातून निवडून येत, आणि मालवण-कुडाळ तेव्हा त्याच मतदारसंघात. म्हणजे देशभरच्या प्रवाशांच्या पाठीखाली गेलेला हा फोम पाठवणाऱ्याचे स्वतःचे मतदार कोकणातले होते, आणि त्यांच्या गावाला रेल्वेच नव्हती. त्यांना त्या फोमवर बसायला आणखी वीस वर्षे थांबावे लागले. कोकण रेल्वेसाठी सर्वांत चिकाटीने झगडणाऱ्यांत दंडवते होते, हे ओघानेच आले.

आता नियोजन. पहिला प्रश्न तारखेचा, आणि निम्मी कुटुंबे इथेच घसरतात. घर तिथीने चालते, रेल्वे तारखेने. 2026 ची चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. माटवी बांधायची, गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची, आरास करायची, म्हणून रविवारी सकाळी घरी पोचायचे ठरते. म्हणजे शनिवारी रात्री निघायचे. इथपर्यंत मतभेद नाहीत. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री 11 वाजून 5 मिनिटांनी सुटते; तिचे तिकीट 12 तारखेचे. तुतारी दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते; त्याच रात्रीचे तिचे तिकीट 13 तारखेचे. कोकणकन्येतच पनवेलला चढणाऱ्या मामांच्या तिकिटावर 13 तारीख असते, कारण गाडी पनवेलला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. पण आरक्षण कधी खुले होणार, हे गाडी मूळ स्थानकातून ज्या तारखेला सुटते तिच्यावरून मोजतात. सध्याच्या 60 दिवसांच्या नियमाने कोकणकन्येसाठी तो दिवस 14 जुलै येतो आणि तुतारीसाठी 15 जुलै. म्हणजे 13 तारखेचे तिकीट हवे असलेल्या मामांनी 14 जुलैला उठायचे आणि 13 तारखेचेच तिकीट हवे असलेल्या भाच्याने 15 ला. हे कागदावर मांडले की सोपे वाटते. फोनवर मामांना समजावून सांगितले की वाटत नाही.

आजीला हा सगळा घोळ रेल्वेचा अडाणीपणा वाटतो. तिच्या हिशेबात सूर्य उगवेपर्यंत शनिवारच असतो, आणि पंचांग तिच्या बाजूने आहे. तिथे वार सूर्योदयापासून मोजतात. रेल्वेने मात्र घड्याळ मानलेले आहे. परिणामी तुतारीचे 12 तारखेचे तिकीट काढून शनिवारी रात्री साडेअकराला सहकुटुंब दादरच्या फलाटावर येणारे कोणी ना कोणी निघतेच. आपली गाडी आदल्या रात्रीच गेली, हे त्यांना शेजारच्या कुटुंबाकडून कळते, कारण दोघांच्या तिकिटांवर एकच आसन क्रमांक असतो. या गाडीचे नाव आधी राज्यराणी होते. 2017 मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून ते तुतारी झाले. माणसांना जागे करू पाहणाऱ्या कवितेचे नाव मध्यरात्री सुटणाऱ्या गाडीला द्यावे, यात रेल्वेने क्वचितच दाखवलेली रसिकता आहे.

आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी खुले व्हायचे. तेव्हा गणपतीचे तिकीट मे महिन्यात, गावीच आंबे खात काढले जाई. 1 नोव्हेंबर 2024 पासून मुदत 60 दिवसांवर आली आणि तो कार्यक्रम ऐन पावसात, मुंबईत, सकाळी आठ वाजता होऊ लागला. त्या सकाळी घरातले सगळे मोबाइल वापरात असतात, तरी निर्णायक बोट एकाचेच असते. हे बोट बहुधा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याचे असते. एरवी त्याच्या अभ्यासाविषयी घरात जे बोलले जाते ते त्या दिवशी साडेसातपासून बंद ठेवावे लागते. त्याला चहा जागेवर मिळतो. आठ वाजून दोन मिनिटांनी त्याची योग्यता पुन्हा ठरते.

एका अर्जावर जास्तीत जास्त सहा नावे बसतात. माणसे नऊ असली की अर्ज दोन, आणि खरी अडचण इथे आहे. पहिला अर्ज कन्फर्म होतो. तो भरून, पैसे भरून, दुसरा उघडेपर्यंत वेटिंग लिस्ट तीन आकड्यांकडे निघालेली असते. म्हणजे पहिल्या अर्जात कोणाची नावे घालायची, हा तिकिटाचा प्रश्न राहत नाही. म्हातारी माणसे पहिल्यात हवीत. लहान मुले पहिल्यात हवीत, आणि मुलांबरोबर त्यांची आई. मग काका आणि जावई यांच्यात एकच जागा उरते. दुसऱ्या अर्जात कोणाची नावे गेली ही बातमी गणपतीच्या कितीतरी आधी गावात पोचलेली असते, आणि गाव तिच्यावर आपले मत बनवून मोकळे होते. यावर काही सुज्ञ कुटुंबे दोन घरांतून, दोन मोबाइलवरून, एकाच वेळी दोन अर्ज भरतात. त्यामुळे दोन्ही कन्फर्म होतात, एक डी 2 मध्ये आणि एक डी 9 मध्ये, आणि जेवणाचा डबा ज्या डब्यात असतो त्यात जेवणारी माणसे नसतात.

पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. त्यामुळे कोकण रेल्वेच्या पट्ट्यात चार वर्षे अकरा महिने हे वय फार काळ टिकते. टीसी आला की मुलाने मांडीवर येऊन बसायचे आणि तोंड उघडायचे नाही, असे ठरलेले असते. मुलाचे पाय तोवर समोरच्या बाकाला टेकत असतात. मुंबईत ज्या शाळेत तो ‘वयाच्या मानाने पुढे आहे’ म्हणून मिरवतो, त्या शाळेचा अभिमान त्या रात्रीपुरता आवरता घ्यावा लागतो.

तिकिटे हातात आली की जागांची वाटणी. रेल्वे आसने देते. झोप घरात वाटून घ्यावी लागते. बसून जाणाऱ्या नऊ जणांच्या वाट्याला सगळी मिळून जेमतेम पंधरा-वीस तासांची झोप येते, आणि एकाने जास्त घेतली की दुसऱ्याची कमी होते. बसून करायच्या प्रवासाच्या नियोजनात बाकी सगळे तपशील या वाटणीच्या सोयीसाठी असतात.

खिडकीची जागा झोपेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, कारण तिथे डोके टेकायला भिंत असते. पण ती दिली जाते घरातल्या सर्वांत लहान माणसाला, ज्याला कुठेही आडवे घातले तरी झोप लागते. तो ठाण्याची खाडी बघण्यासाठी खिडकी मागतो, दिवा स्टेशनच्या आधी झोपतो आणि मग त्याला हलवले तर उठेल या भीतीने ती भिंत रात्रभर त्याच्या नावावर राहते. मधल्या जागेला भिंत नाही, दोन खांदे आहेत. मधल्या माणसाने दोन्हीकडच्या माणसांशी संबंध बरे ठेवलेले असले तर ही जागा वाईट नाही. नणंद-भावजयीत मात्र मध्ये बसणाऱ्या माणसाने खूप काही ऐकून घेतलेले असते. वाटेकडेच्या जागेवर घरातला कर्ता पुरुष. त्याचा एक खांदा आणि एक गुडघा रात्रभर सार्वजनिक मालमत्ता असतो. चहावाला, पाणीवाला आणि संडासकडे जाणारा प्रत्येक जण त्याला स्पर्श करून जातो. सकाळी आपण डोळ्याला डोळा लावला नाही, असे तो सांगतो, आणि ते खरे असते.

आजीची जागा हा स्वतंत्र विषय आहे. ती संडासजवळ नको, पण लांबही नको; पंख्याखाली नको, पण वारा हवा; खिडकीशी नको, कारण पाऊस आत येतो, आणि वाटेवर नको, कारण लोक धडकतात. हे सगळे जमवून तिला बसवले की ती सांगते, ‘माका गाडयेत झोप येणा नाय.’ हे ती गेली चाळीस वर्षे सांगत आहे आणि तिच्या शब्दाला ती जागते. रात्रभर सरळ बसून ती बाकीच्यांवर नजर ठेवते. कोण किती वाजता झोपले, कोणाचे डोके कोणाच्या खांद्यावर गेले, कोण घोरले, कोणाच्या अंगावरची चादर कोणी ओढली, याची तिच्याजवळ पक्की नोंद असते. ती गावी चुलीपुढे वाचून दाखवली जाते. सुना त्यामुळे बसून झोपतानाही पदर-ओढणी सांभाळून झोपतात. ही कला रातराणीतून आलेली असावी.

जावयाचे प्रकरण लहान आहे. त्याला चांगली जागा दिली जाते, तो नाही म्हणतो, पुन्हा दिली जाते, पुन्हा नाही म्हणतो, आणि तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

सामानाबद्दल रेल्वेचा नियम सरळ आहे: दुसऱ्या वर्गात माणशी 35 किलो फुकट. गणपतीला जाताना हा नियम कोणाच्या ध्यानात नसतो आणि परतताना कोणी ध्यानात घेत नाही. जाताना दिव्यांच्या माळा, कापडी फुले, नवे कपडे, भावकीसाठी मिठाईचे पुडे आणि ‘गावात मिळत नाही’ या सदरातल्या सर्व वस्तू. कुडाळच्या आणि मालवणच्या बाजारपेठेत यांतले काय मिळत नाही, हे शोधून काढणे कठीण आहे. पण मुंबईहून आणलेल्या अगरबत्तीला मुंबईचा वास असतो. मूर्ती तेवढी न्यावी लागत नाही. तिचा पाट गावातल्या गणपतीच्या शाळेत आधीच पोचलेला असतो. परतीच्या बोजाची गोष्ट वेगळी. नारळ, उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, खाजे, खटखटे लाडू, वेलीवरून काढलेली तवशी, एखादा भोपळा आणि पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेले आगळ. या बाटल्यांच्या झाकणावर प्लॅस्टिक, त्यावर दोरा आणि त्यावर पुन्हा प्लॅस्टिक असते, आणि तरीही दादरला उतरताना कोणाच्या तरी पांढऱ्या कपड्यावर लाल डाग दिसतोच. डाग जात नाही. सुके बांगडे आणले असतील तर ते किती पुड्यांत गुंडाळले याला महत्त्व नाही. कणकवली सुटायच्या आत सगळ्या डब्याला कळलेले असते, आणि ज्यांनी आणलेले नसतात तेच नाक मुरडत नाहीत, भाव विचारतात.

पिशव्या बाकाखाली घालताना रात्री लागणारी पिशवी सर्वांत वर राहील असे बघायचे असते. हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही चादरींची पिशवी सर्वांत आधी आत जाते, कारण ती मऊ असते आणि तिच्यावर बाकीच्या नीट बसतात. मध्यरात्री ती काढायची तर सगळे बिऱ्हाड वाटेत मांडावे लागते. म्हणून चादरी कोरड्या आणि घडी न मोडलेल्या गावी पोचतात.

खाण्याचे नियोजन यामानाने सुरळीत असते. गाडी रात्री अकराची, तेव्हा घरून जेवून निघायचे, हे ठरते आणि पाळलेही जाते. मग ठाणे सुटले की डबा उघडतो. त्यात चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी. वेगळ्या डब्यात दहीभात, कारण आजोबांना रात्री दुसरे चालत नाही. श्रावण सरलेला असला तरी गणपती बसेपर्यंत मासळीचे नाव काढायचे नसते, त्यामुळे जाताना सगळा डबा शाकाहारी आणि थोडा उदास. शेजारच्या अनोळखी कुटुंबाला ‘घ्या’ म्हणायचे असते, आणि त्यांनी आपला डबा पुढे करायचा असतो. ही देवघेव झाली की मूळ गाव विचारले जाते, मग वाडी, मग आडनाव, आणि पनवेल यायच्या आत दोन्ही कुटुंबांचे नाते कुठल्या तरी आत्याच्या दिराकडून लागते. नाते लागले की सरकून जागा देणे भाग पडते. अनुभवी माणसे म्हणून पनवेल सुटेपर्यंत गावाचे नाव सांगत नाहीत.

जनरलने जाणाऱ्यांचे सगळे नियोजन चढण्यात असते. गाडी जिथून सुटते तिथेच बसायला जागा मिळण्याची आशा. ठाण्याला दारात उभे राहायला मिळाले तर नशीब. त्यामुळे ठाण्याला राहणारे कुटुंब संध्याकाळी बोचकी घेऊन लोकलने सीएसएमटीला जाते, तिथे तीन-चार तास रांगेत बसते आणि रात्री त्याच रुळांवरून पुन्हा ठाण्याला येते. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते हेच 34 किलोमीटर. त्या गाडीतल्या पाहुण्यांना बसायला जागा होती, एवढाच फरक.

मग रात्र. पहिले दोन तास गप्पांत जातात आणि त्यांना अडचण म्हणत नाहीत. दिवा, पनवेल, रोहा ही स्टेशने गेली की डब्यात हळूहळू शांतता पसरते आणि खिडकीचा वाद सुरू होतो. पाऊस आहे म्हणून ती बंद करायची तर डबा उकडतो. उघडी ठेवायची तर खिडकीजवळचा भिजतो. मध्यम मार्ग म्हणून ती चार बोटे उघडी ठेवतात, त्यामुळे खिडकीजवळचा भिजतो आणि बाकीचे उकडतात. डब्यातले दिवे रात्रभर चालू असतात. कोणी तरी मोबाइलवर भजन लावतो, कोणी आवाज कमी करायला सांगतो, आणि तिसरा जण ‘भजनच आहे, लागू दे’ म्हणतो. याच सुमाराला बाकाच्या टोकाशी एक गृहस्थ उभे असतात. ते खाली वाकून अत्यंत नम्रपणे विचारतात, ‘वायच सरकशात?’ कोणी कपाळाला आठी घालायच्या आत पुढचे वाक्य येते: ‘मी वैभववाडीकच उतरतलंय.’ झोपेच्या गुंगीत हे फार दूरचे वाटत नाही आणि तिघांच्या बाकावर चौथा बसतो. वैभववाडी हे सिंधुदुर्गातले स्टेशन असल्याचे रत्नागिरी मागे पडल्यावर लक्षात येते.

मार्ग बहुतांश एकेरी आहे. समोरून दुसरी गाडी यायची असली की आपली गाडी एखाद्या लहान स्टेशनात बाजूला थांबते. याला ‘क्रॉसिंग पडली’ म्हणतात. गाडी थांबली की सगळे जागे होतात, चालू झाली की झोपतात. पाळण्यातल्या मुलाचीही तीच तऱ्हा असते, पण त्याला निदान ते शोभते. शिवाय हे सगळे पावसाळी वेळापत्रकात चाललेले असते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम संथ धावतात, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायची चालकांना सूचना असते. दरडी आणि डोंगर बघता हे शहाणपणाचेच आहे. पण वेळ वाढला की वाढलेला सगळा वेळ बसून काढायचा असतो, आणि गाडी सावकाश चालली आहे ती आपल्या जिवासाठी, हे पहाटे चार वाजता मानेला पटत नाही.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सर्वांत लांब. त्याचा आवाज बंद खिडकीतूनही आत येतो आणि त्या काही मिनिटांत डब्यातले प्रत्येक लहान मूल उठते. डिझेलच्या काळात बोगद्यात धूरही यायचा; 2022 मध्ये सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून तो गेला आणि जुन्या प्रवाशांचे तक्रारीचे एक साधन कमी झाले. मोबाइलला बोगद्यात रेंज नसते. तो बाहेर आला की गावाहून सुटलेले फोन एकदम येऊन पडतात. ‘खंय पावलात?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची पद्धत नाही. नेहमी पुढचे स्टेशन सांगायचे असते, म्हणजे तिकडे भाकऱ्या वेळेवर सुरू होतात. गावची मंडळीही मुरलेली असल्यामुळे सांगितलेल्या स्टेशनातून एक स्टेशन वजा करूनच तवा ठेवतात. दोन्हीकडचा हिशेब बरोबर जमतो. हल्ली मात्र गाडी नेमकी कुठे आहे ते दाखवणारी ॲप गावातल्या पोरांकडेही आहेत, आणि खोटे बोलायची ही सोय संपत आली आहे.

उजाडायला लागले की माना वर होतात. बाहेर भातखाचरे, लाल माती, चिऱ्याची घरे. रात्रभर जागेवरून भांडलेली माणसे एकमेकांना दारातून बाहेर बघायला बोलावतात. वैभववाडीला ते गृहस्थ आभार मानून खरोखरच उतरतात आणि बाक अचानक मोठा वाटतो, तोवर प्रवास मात्र तासाभराचा उरलेला असतो. किल्ला बघायला निघालेले काही नवखे पर्यटक सिंधुदुर्ग नावाच्या स्टेशनवर उतरून समुद्र शोधतात. ते स्टेशन जिल्ह्याच्या मुख्यालयाशेजारी, ओरोसला आहे. किल्ला मालवणच्या समुद्रात आहे आणि त्याला तिथून रस्त्याने तासभर लागतो.

कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्यात नऊ माणसे आणि सतरा पिशव्या एका दाराने उतरत नाहीत, विशेषतः त्याच दाराने सावंतवाडीला जाणारे चढत असताना. म्हणून कणकवली गेली की बाकाखालचे सामान दाराकडे न्यायला घ्यावे, सिंधुदुर्ग आले की मुलांना उठवून चपला घालाव्यात, आणि म्हाताऱ्या माणसांना सर्वांत आधी दाराशी उभे करावे. खाली आल्यावर मोजणी करावी. पिशवी राहिली तर ती पुढे मडगावपर्यंत जाते. फलाटावरूनच स्टेशन मास्तरांना सांगावे, डबा आणि आसन क्रमांक द्यावा. डबा कोणता होता ते उतरण्यापूर्वी पाठ केलेले बरे, कारण तिकीट बहुधा त्याच पिशवीत असते.